राणा आला, मग हेडली का नाही? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात २६/११ च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा याच्या प्रत्यार्पणावर, म्हणजे अमेरिकेने त्याला भारताच्या ताब्यात देण्यावर, एक छोटं टिपण दिलं होतं. दहशतवादाविरुद्ध दोन सरकारं एकत्र काम करतायत की नाही हे पत्रकार परिषदेत कळत नाही, कोर्टात पुरावा म्हणून काय उभं राहिलं त्यावरून कळतं, असं मी त्यात म्हटलं होतं. त्यावर भरपूर प्रश्न आले, काही रागाचे, काही अभ्यासाचे, एक-दोन अगदी वर्मावर बोट ठेवणारे. जमतील तेवढे घेतलेत, एकसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, राणा २००९ मध्येच शिकागोत पकडला गेला होता. इथे आणायला २०२५ उजाडलं. दोन्ही देश एवढे मित्र म्हणवतात, मग मधली वर्षं गेली कुठे? कुणी मुद्दाम अडवून ठेवलं होतं का? (ठाण्याचे एक निवृत्त वाचक)

काका, तुमचा राग अगदी समजतो, पण ही सगळी वर्षं एकाच कारणाने गेलेली नाहीत, त्यांचे तुकडे पाडून बघावे लागतात.

पहिला तुकडा २००९ ते २०२० चा. १८ ऑक्टोबर २००९ ला राणाला पकडलं तेव्हा तो अमेरिकेचा आरोपी होता, आपला नाही. माणूस मूळचा पाकिस्तानी, तिथल्या लष्करात डॉक्टर होता, नंतर कॅनडाचा नागरिक झाला आणि शिकागोत इमिग्रेशनचा धंदा चालवायचा. २०११ मध्ये तिथे ज्युरीसमोर खटला चालला आणि निकाल अर्धा असा आणि अर्धा तसा लागला. डेन्मार्कच्या वर्तमानपत्रावर हल्ल्याचा कट आणि लष्कर-ए-तोयबाला मदत, या दोन्हीत तो दोषी ठरला, पण मुंबई हल्ल्याला मदत केल्याच्या आरोपातून ज्युरीने त्याला सोडलं. जानेवारी २०१३ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली. मधल्या काळात आपल्या एनआयएने, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेने, डिसेंबर २०११ मध्ये दिल्लीत राणा, त्याचा साथीदार डेव्हिड हेडली आणि इतरांवर आरोपपत्र दाखल करून ठेवलं होतं, म्हणजे आपण हात बांधून बसलो नव्हतो, पण तो तिकडे शिक्षा भोगत होता, आणि शिक्षा अर्धी सोडून कुठलाही देश आपला कैदी सहसा देत नाही.

दुसरा तुकडा जून २०२० नंतरचा. कोविडच्या काळात तब्येतीच्या कारणावरून त्याची लवकर सुटका झाली आणि लगेच भारताच्या विनंतीवरून त्याला परत अटक झाली. मला विचाराल तर सहकार्य म्हणजे काय ते इथे दिसतं. तो तुरुंगातून सुटून कॅनडाला निघून गेला असता तर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं. आपले कागद आधीच तिकडे पोचलेले होते म्हणून त्याला फट मिळाली नाही.

आणि तिसरा तुकडा कोर्टाचा. मे २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाने प्रत्यार्पणाला मान्यता दिली, मग जिल्हा न्यायालय, मग नाइन्थ सर्किट म्हणजे त्यांचं अपील कोर्ट, त्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता कायम ठेवली, मग सुप्रीम कोर्ट, २१ जानेवारी २०२५ ला तिथेही अर्ज फेटाळला, तरी त्याचे वकील स्थगिती मागत राहिले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तीही नाकारली गेली. १० एप्रिलला विमान दिल्लीत उतरलं.

या सगळ्यात त्याचा मुख्य मुद्दा काय होता ते नीट समजून घ्या, कारण सोशल मीडियावर याबद्दल भलतंसलतं फिरतंय. तो म्हणत होता की मुंबईच्या आरोपातून मला तुमच्याच ज्युरीने सोडलंय, मग त्याच गोष्टीसाठी परत खटला कसा? १९९७ च्या भारत-अमेरिका प्रत्यार्पण करारात तशी तरतूद आहेच, एका देशात ज्या गुन्ह्यासाठी दोषी किंवा निर्दोष ठरलाय त्याच गुन्ह्यासाठी दुसरीकडे पाठवायचं नाही. कोर्टाने उत्तर दिलं की घटना तीच असेल, पण अमेरिकेत खटला दहशतवादाला मदत करण्याच्या कटाचा होता आणि भारत मागतोय ते खून, युद्ध पुकारणं, खोटे कागद अशा गुन्ह्यांसाठी. हे गुन्हे सिद्ध करायला लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, म्हणून गुन्हा वेगळा. आता बघा, आपल्या आरोपपत्रात कलमं ढिसाळ लावलेली असती, नुसतं "दहशतवाद्यांना मदत केली" एवढंच म्हटलं असतं, तर राणा आज कॅनडात असता. म्हणून मी म्हणते की मैत्रीपेक्षा कागद महत्त्वाचा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मोदी वॉशिंग्टनला गेले तेव्हा ट्रम्प यांनी प्रत्यार्पणाची घोषणा केली, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की भेटीत ठरलं. घोषणेचं श्रेय नेत्यांनी घ्यावं, हरकत नाही, पण खरं काम वकिलांनी, एनआयएच्या अधिकाऱ्यांनी आणि तिकडच्या सरकारी वकिलांनी केलंय, आणि त्यांची नावं कुणाला माहीतसुद्धा नाहीत.

प्रश्न : हेडली तर राणापेक्षा मोठा गुन्हेगार. त्यानेच सगळी रेकी केली. मग अमेरिका त्याला का देत नाही? तो त्यांचाच माणूस होता म्हणून लपवतात असं ऐकलंय. (सोलापूर)

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय, आणि याचं उत्तर सरळ आहे पण पचायला कठीण आहे.

दाऊद गिलानी हे त्याचं मूळ नाव, वडील पाकिस्तानी, आई अमेरिकन. २००६ मध्ये त्याने नाव बदलून डेव्हिड कोलमन हेडली करून घेतलं, म्हणजे पासपोर्टवर मुसलमान किंवा पाकिस्तानी वाटणारं काही उरलंच नाही. राणाच्या इमिग्रेशन कंपनीची शाखा म्हणून ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये ऑफिस थाटलं. तिथे बाहेरच्यांना वाटायचं की व्हिसाचं काम चालतं, आणि हा माणूस ताजमध्ये उतरायचा, व्हिडिओ काढायचा, समुद्रात बोटीतून फिरून कुठे उतरता येईल ते बघायचा, जीपीएसवर जागा नोंदवायचा. कफ परेडजवळच्या मच्छीमार वस्तीची जागा त्याने सुचवली होती. सिद्धिविनायकाबाहेरून लाल-पिवळे गंडे विकत घेऊन त्याने तिकडे नेऊन दिले, हल्लेखोरांच्या मनगटावर बांधायला, म्हणजे ते हिंदू वाटतील. ही गोष्ट मी जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा पोटात गोळा येतो. त्या दहा जणांतला एक जिवंत हाती लागला नसता तर आपल्या शहरात आपण एकमेकांकडे कसं बघितलं असतं याचा विचार करा. तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीला कसाबला गोळ्या झेलत पकडून ठेवलं त्याची किंमत इथे कळते.

आता अमेरिकेकडे येऊ. हेडली हेरॉइनच्या प्रकरणात पकडला गेल्यावर त्यांच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा, म्हणजे डीईएचा खबरी झाला होता, हे त्यांच्याच कोर्टात आलंय, लपलेलं नाही. त्याच्या दोन बायकांनी वेगवेगळ्या वेळी अमेरिकन अधिकाऱ्यांना सांगितलं होतं की हा अतिरेक्यांच्या संगतीत आहे, एकीने न्यूयॉर्कमध्ये, दुसरीने इस्लामाबादच्या वकिलातीत जाऊन, आणि दोन्ही वेळा ते तिथेच पडून राहिलं. हे अमेरिकेचं अपयश आहे आणि ते तसंच म्हणायला हवं, सहकार्याच्या नावाखाली झाकायचं कारण नाही. पण तो हल्ल्याच्या वेळी सीआयएसाठी काम करत होता असं जे फिरतं त्याला पुरावा कुणी दिलेला नाही, म्हणून मी ते लिहिणार नाही.

३ ऑक्टोबर २००९ ला शिकागोच्या विमानतळावर तो पकडला गेला. मार्च २०१० मध्ये त्याने सौदा केला, म्हणजे प्ली बार्गेन. सगळे गुन्हे कबूल, सगळी माहिती देणार, बदल्यात फाशी नाही आणि भारत, पाकिस्तान, डेन्मार्क यापैकी कुठेही प्रत्यार्पण नाही. जानेवारी २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकन सरकारने त्यांच्या कोर्टात लेखी दिलेला शब्द आहे तो, आणि तो मोडला तर पुढचा एकही कैदी त्यांच्याशी सौदा करणार नाही, म्हणून ते मोडत नाहीत. त्यांच्या बाजूने हिशोब बरोबर आहे. आपल्या बाजूने १६६ लोक गेलेत, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना हा हिशोब समजावून सांगायची हिंमत माझ्यात नाही.

पण या सौद्यातून आपल्याला काहीच मिळालं नाही असंही नाही. जून २०१० मध्ये एनआयएचं पथक शिकागोला जाऊन त्याला समोर बसवून विचारून आलं. आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तो अमेरिकेतून व्हिडिओ लिंकवर मुंबईच्या विशेष कोर्टात माफीचा साक्षीदार म्हणून उभा राहिला, सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी त्याला प्रश्न विचारले. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं की २६ नोव्हेंबरच्या आधी दोनदा प्रयत्न फसला होता, एकदा बोट खडकावर आदळली आणि हत्यारं बुडाली. आयएसआयच्या कुठल्या अधिकाऱ्यांशी बोलायचा, लष्कर-ए-तोयबात कोण काय करायचं, हे त्याने शपथेवर सांगितलं, आणि आता ते एका भारतीय कोर्टाच्या रेकॉर्डवर आहे. पाकिस्तानने कितीही नाकारलं तरी ते पुसलं जाणार नाही. त्याला इथे फासावर बघायचं होतं त्यांना हे थोडं वाटेल. मला ते थोडं वाटत नाही, पण पुरेसंही वाटत नाही.

प्रश्न : मी एमपीएससीची तयारी करतेय. भारत-अमेरिका सहकार्यात एवढे करार, संवाद, गट आहेत की नुसती पाठांतराची यादी होते. यातलं प्रत्यक्षात कामाचं कुठलं? (लातूर)

अगं, परीक्षेसाठी यादी पाठ करच, पण समजून घ्यायला तीन-चारच पुरे आहेत. जानेवारी २००० मध्ये दहशतवादविरोधी संयुक्त कार्यगट स्थापन झाला, म्हणजे ९/११ च्याही आधी, आणि आयसी-८१४ विमानाच्या अपहरणानंतर महिनाभरात. २०१० मध्ये सहकार्याचा एक वेगळा करारमदार झाला, २०११ पासून गृहमंत्र्यांच्या पातळीवर होमलँड सिक्युरिटी संवाद सुरू झाला. या झाल्या बैठका. बैठका लागतात, ओळखी होतात, फोन उचलला जातो.

पण कोर्टात कामाला येतो तो एमएलएटी, परस्पर कायदेशीर मदतीचा करार. सही २००१ मध्ये, अंमलात आला २००५ मध्ये. तो चालतो कसा ते बघ. समजा पुण्यातल्या एका तपास अधिकाऱ्याला अमेरिकेतल्या कंपनीच्या सर्व्हरवरची माहिती पुरावा म्हणून हवी आहे. त्याने नुसता ईमेल टाकून चालत नाही. विनंती तयार होते, त्यात गुन्हा काय, कलम काय, मागितलेल्या माहितीचा गुन्ह्याशी संबंध काय हे सगळं लिहावं लागतं, ती केंद्रीय गृह मंत्रालयात जाते, तिथून अमेरिकेच्या न्याय खात्यात, तिथला सरकारी वकील ती वाचतो आणि त्यांच्या कायद्यात बसते का बघतो, गरज पडली तर त्यांच्या कोर्टाचा आदेश घेतो, मग एफबीआय किंवा दुसरं कुणी माहिती गोळा करतं, आणि त्याच वाटेने सगळं परत येतं, प्रमाणित होऊन, म्हणजे आपल्या कोर्टात ते टिकतं. महिनोन्महिने जातात. आणि विनंती मोघम असेल तर "अजून तपशील द्या" म्हणून परत येते आणि चक्र पुन्हा सुरू. कोर्टामार्फत परदेशात विनंतीपत्र पाठवायची तरतूद पूर्वी सीआरपीसीच्या कलम १६६-अ मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ११२ मध्ये आहे, हे परीक्षेला विचारू शकतात. आणि घोळ करू नकोस, माणूस मागायचा तर ते प्रत्यार्पण, १९६२ चा कायदा, परराष्ट्र मंत्रालय. पुरावा मागायचा तर एमएलएटी, गृह मंत्रालय.

एक उदाहरण सांगते म्हणजे डोक्यात बसेल. २६/११ ला हल्लेखोर आत असताना पाकिस्तानातले त्यांचे हँडलर फोनवर सूचना देत होते आणि आपली एटीएस ते ऐकत होती, पण पलीकडचा नंबर विचित्र होता कारण तो इंटरनेट कॉल होता. माग काढला तर तो न्यू जर्सीतल्या एका कंपनीपर्यंत पोचला. खोट्या नावाने तिथे खातं उघडलेलं, आणि त्यातला एक हप्ता इटलीतल्या ब्रेशिया गावातून वेस्टर्न युनियनने भरलेला, २२९ डॉलर. कॉल जातोय कराचीतून, खातं न्यू जर्सीत, पैसे इटलीतून, माणसं मरतायत मुंबईत! एका देशाच्या पोलिसांनी हे कसं जोडायचं? एफबीआयने कंपनीकडून रेकॉर्ड काढलं, हल्लेखोरांच्या जीपीएसमधून कराचीहून मुंबईपर्यंतचा मार्ग काढला, आणि त्यांचे तज्ज्ञ कसाबच्या खटल्यात साक्षीला उभे राहिले. इटलीत २००९ मध्ये अटका झाल्या. कसाबला मे २०१० मध्ये शिक्षा झाली त्यात ओंबळेंचं शौर्य आहे, सीएसटीवरच्या साक्षीदारांची हिंमत आहे, आणि हे कागदही आहेत. निबंधात हे उदाहरण लिही, करारांच्या तारखांपेक्षा जास्त मार्क मिळतील.

प्रश्न : एफबीआयला आपण कसाबपर्यंत जाऊ दिलं, मग आपलं काय? हे तर एकतर्फी झालं. (नागपूर)

एफबीआय आली ती आपल्यावर उपकार करायला नाही, हल्ल्यात सहा अमेरिकन मेले होते म्हणून त्यांच्या कायद्याप्रमाणे तो त्यांचाही गुन्हा होता. त्यांचा स्वार्थ होता म्हणून त्यांनी मनापासून काम केलं. स्वार्थ जुळतो तिथे सहकार्य पळतं, जुळत नाही तिथे बैठकीचं निवेदन निघतं.

प्रश्न : मी एडिसन, न्यू जर्सीला राहतो, वर्षातून एकदा पुण्याला येतो. दोन्ही सरकारं एकमेकांना लोकांची माहिती देतात म्हणे. आमच्यासारख्या साध्या माणसाची माहिती पण जाते का? नाव सारखं निघालं तर काय?

दादा, दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गल्लत करू नका. जून २०१६ मध्ये दिल्लीत एक करार झाला, त्यात ज्ञात किंवा संशयित दहशतवाद्यांची नावं आणि ओळख पटायला लागणारे तपशील एकमेकांना द्यायचे ठरलं. अमेरिकेत याचं काम थ्रेट स्क्रीनिंग सेंटर (आधीचं नाव टेररिस्ट स्क्रीनिंग सेंटर) बघतं. ती संशयितांची यादी आहे, सगळ्या प्रवाशांची नाही.

दुसरी गोष्ट ग्लोबल एंट्री. भारतीय पासपोर्टवर असाल तर २०१७ पासून तुम्हाला ती मिळू शकते, आणि त्यासाठी अर्ज केलात की भारतातसुद्धा तुमची पडताळणी होते, पासपोर्टला होते तशी. म्हणजे इथे माहिती तुम्ही स्वतःच्या संमतीने देताय, रांग टाळण्यासाठी.

नाव सारखं निघण्याची भीती मात्र खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडे एकाच नावाचे हजारो लोक, त्यात मुसलमान नावांचं स्पेलिंग इंग्रजीत दहा तऱ्हांनी होतं, आणि त्रास त्याच लोकांना जास्त होतो. अमेरिकेच्या बाजूला त्यासाठी डीएचएस ट्रिप म्हणून तक्रारीची सोय आहे, अर्ज केला की एक क्रमांक मिळतो आणि तो तिकीट काढताना टाकता येतो. आपल्या बाजूला इतकी सरळ, सामान्य माणसाला सापडेल अशी सोय असायला हवी, ती नाही, आणि त्याबद्दल संसदेत कुणीतरी आवाज उठवायला पाहिजे. यादी दोन देशांची मिळून होत असेल तर चूक दुरुस्त करायची खिडकीही दोन्हीकडे हवी.

प्रश्न : ताई, आम्ही रत्नागिरीचे, घरात मासेमारी. अमेरिकेने आधीच सांगितलं होतं की समुद्रातून हल्ला होणार, तरी झाला. मग बाहेरून माहिती मिळून उपयोग काय? आमच्या बोटी मात्र अजून तपासतात.

तुमचा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, कारण यात दोष कुठे आहे ते तुम्ही बरोबर पकडलंय. २००८ मध्ये हल्ल्याच्या आधी अमेरिकन यंत्रणांकडून इशारे आले होते, मुंबईतली हॉटेलं आणि समुद्राचा मार्ग यांचा त्यात उल्लेख होता, हे नंतर बऱ्याच ठिकाणी छापून आलं. ताजला इशारा मिळाला होता आणि बंदोबस्त वाढवलेला होता हे रतन टाटांनीच हल्ल्यानंतर लगेच सांगितलं. पण बंदोबस्त काही काळ वाढतो, काही होत नाही, मग सैल पडतो, आणि नेमकं तेव्हाच होतं. इशाऱ्यात तारीख नसते. "समुद्रातून, हॉटेलवर, कधीतरी" एवढ्यावर रोज दक्ष राहणं पैशाने आणि माणसांनी दोन्हीने कठीण असतं, आणि ते जमवणं हे फक्त आपलंच काम आहे, त्यात कुठलाही मित्रदेश मदत करू शकत नाही. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने गुप्तवार्तेचे इशारे आपल्याकडे कसे हाताळले जातात यावर बोट ठेवलं होतं ते याचसाठी.

आणि "कुबेर" आठवते ना. पोरबंदरची मासेमारी ट्रॉलर, हल्लेखोरांनी ती समुद्रात ताब्यात घेतली, खलाशांना मारलं, तांडेलाकडून मुंबईपर्यंत बोट चालवून घेतली आणि मग त्यालाही मारलं. आपल्यासारखीच बोट, आपल्यासारखीच माणसं. म्हणून बोटी तपासतात. त्यात त्रास होतो, कधी वागणूक उद्धट असते, ते चूकच आहे, पण तपासणी मात्र हवी. किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी झाली, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, "सागर कवच" सराव होतात, एनएसजी या केंद्राच्या कमांडो दलाचं ठाणं मुंबईत आलं म्हणजे आता मानेसरहून विमानाची वाट बघायला नको, राज्याचं फोर्स वन हे कमांडो पथक उभं राहिलं. गुरुग्राममध्ये नौदलाचं एक केंद्र २०१८ पासून चालतं, तिथे मित्रदेशांचे अधिकारी येऊन बसतात आणि व्यापारी जहाजांच्या हालचालींची माहिती एकमेकांना देतात. पण ती मोठी जहाजं. तुमच्या मिरकरवाड्यातून रात्री निघणारी छोटी होडी त्या पडद्यावर दिसत नाही, तिला ओळखणारा तुमच्या शेजारचा माणूसच. अनोळखी बोट, अनोळखी माणसं दिसली तर १०९३ वर फोन करा, तो सागरी पोलिसांचा नंबर आहे. कोकणातल्या जेट्टीवरचा डोळा हा या सगळ्या यंत्रणेतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, आणि तुम्हाला त्याचा मान मिळायला हवा, नुसती झडती नाही.

प्रश्न : एकीकडे आपल्याशी सहकार्य आणि दुसरीकडे पाकिस्तानला मदत. या अमेरिकेवर विश्वास ठेवायचा कसा? (कोल्हापूर, आणि अशाच अर्थाची बरीच पत्रं)

आंधळा विश्वास ठेवूच नका. २०१२ मध्ये अमेरिकेनेच लष्कर-ए-तोयबाचा संस्थापक हाफिज सईदवर एक कोटी डॉलरचं इनाम लावलं आणि तो लाहोरात सभा घेत फिरत राहिला. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी पाकिस्तानची लष्करी मदत थांबवली, २०२२ मध्ये बायडन सरकारने त्यांच्या एफ-१६ विमानांच्या देखभालीसाठी ४५ कोटी डॉलरचं पॅकेज मंजूर केलं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ जणांना मारलं, त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा, आणि जुलैत अमेरिकेने टीआरएफला, म्हणजे लष्कर-ए-तोयबाशी जोडलेल्या द रेझिस्टन्स फ्रंटला, परदेशी दहशतवादी संघटना जाहीर केलं. हे सगळं एकाच देशाने केलंय, आणि दर वेळी स्वतःचं हित बघून.

आणि आपल्याकडेही बोट दाखवलं गेलंय हे विसरू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात एका भारतीय नागरिकावर तिथल्या खलिस्तानवादी नेत्याला मारण्याच्या कटाचा आरोप ठेवला गेला आणि भारताने चौकशी समिती नेमली. असं प्रकरण उभं राहिलं की समोरच्या खात्यातला अधिकारी आपली पुढची फाईल जरा जास्त संशयाने वाचतो, आणि नुकसान राणासारख्या खटल्यांचं होतं. म्हणून या बाबतीत आपली बाजू स्वच्छ असणं हे नैतिकतेसाठी तर आहेच, पण व्यवहारासाठीसुद्धा आहे.

शिवाय सहकार्य म्हणजे फक्त अमेरिका नाही. बीडचा झबिउद्दीन अन्सारी, म्हणजे अबू जुंदाल, कराचीच्या कंट्रोल रूममध्ये बसून हल्लेखोरांना सूचना देणारा, तो २०१२ मध्ये सौदी अरेबियाने आपल्या ताब्यात दिला. पाकिस्तानचा इतका जुना दोस्त, तरी दिला. अबू सालेमला २००५ मध्ये पोर्तुगालने दिला, पण अट घालून, फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त तुरुंग नाही, आणि २०२२ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारने दिलेला शब्द पाळावा लागेल. प्रत्येक देश काहीतरी देतो आणि काहीतरी अट घालतो. आपण काय मागतोय आणि कशाच्या बदल्यात, हे आधी माहीत असलं की मग फसवलं गेल्यासारखं वाटत नाही.

प्रश्न : राणाला फाशी होणार का? आणि खटला मुंबईत का नाही, दिल्लीत का? (तीन-चार वाचक)

दिल्लीत कारण एनआयएने हेडली-राणाचा गुन्हा नोव्हेंबर २००९ मध्ये दिल्लीतच नोंदवला आणि आरोपपत्रही पटियाला हाऊसच्या विशेष कोर्टात आहे. मुंबईकरांना हे खटकतं, मलाही खटकतं, पण कायद्याने त्यात काही चूक नाही.

शिक्षेचं आज कुणीच सांगू शकत नाही. त्याच्यावरचे आरोप अजून सिद्ध व्हायचेत, आणि अमेरिकेच्या ज्युरीने मुंबईच्या आरोपातून त्याला सोडलं होतं हे त्याचे वकील इथेही पहिल्या दिवसापासून सांगणार. जुलै २०२५ मध्ये एनआयएने पुरवणी आरोपपत्र दिलंय. शिवाय ज्या गुन्ह्यांसाठी पाठवलंय त्यांच्याबाहेर जाऊन खटला चालवता येत नाही, हा प्रत्यार्पणाचा नियमच आहे. म्हणजे सरकारी पक्षाला याच कलमांवर, याच पुराव्यावर जिंकावं लागेल, आणि त्यातला बराचसा पुरावा अमेरिकेतून आलेला आहे, ईमेल, प्रवासाच्या नोंदी, हेडलीचे जबाब. तो शब्दन् शब्द प्रमाणित होऊन आलाय ना, साक्षीदार उलटतपासणीत टिकतात ना, याकडे लक्ष ठेवा. पेपरात "राणाने तुरुंगात काय खायला मागितलं" अशी बातमी आली तर पान उलटा आणि पुढच्या तारखेला साक्षीला कोण येणार आहे ते शोधा.